कासवाखालची माती

दीड वर्षाच्या नोकरीत तेजश्रीने अजगर पकडले होते, विहिरीत पडलेलं भेकर दोर लावून वर काढलं होतं, वणव्याच्या दिवसांत भर उन्हात आग अडवणाऱ्या जाळरेषा काढल्या होत्या. पण कासव ताब्यात घ्यायला ती पहिल्यांदाच निघाली होती. ती पोलादपुरात वनरक्षक होती, मूळची दासगावची. सावित्रीच्या काठी लहानाची मोठी झालेली, त्यामुळे कासव म्हणजे पाण्यातला जीव, एवढंच तिला ठाऊक.

घडलं होतं ते असं. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरात, दहा-बारा घरांची एक वाडी आहे. तिथल्या बनुबाईची नात स्नेहल मे महिन्यात मुंबईहून सुट्टीला आली होती. तिने आजीच्या कासवाचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं ते कासव मान ताणून जास्वंदीचं फूल खात होतं. बघणाऱ्यांना मोठी मौज वाटली. त्यातल्याच कुणीतरी वनखात्याला कळवलं की असलं कासव घरात पाळणं गुन्हा आहे. कळवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, गुन्हा होताच. तक्रार वरून खाली येईपर्यंत जुलै उजाडला आणि वनपाल राजेंद्र साहेबांनी तो कागद तेजश्रीच्या हातात ठेवला.

साहेब मनाने चांगले होते. म्हणाले, म्हातारी आहे, दमात घेऊ नकोस. तिने स्वतःहून स्वाधीन केलं असं लिहून घे, म्हणजे तिच्या किंवा मुलाच्या अंगाशी काही येणार नाही. नुसतं जनावर आण, बाकी घरातलं काही उचलू नकोस.

रस्ता संपला तिथे स्कूटी लावून तेजश्री वीस मिनिटं दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून गेली. बनुबाई सत्तरी ओलांडलेली, अंगाने वाळकी, चुलीपुढे बसलेली होती. वर्दी बघून ती घाबरली नाही. पाण्यातून आलात, आधी शेकायला बसा म्हणाली. तेजश्रीने कायदा समजावून सांगितला तो तिने ऐकून घेतला आणि मग तिच्याकडची हकिगत सांगितली. तिचा मुलगा रितेश मुंबईत एका बिल्डिंगला वॉचमन होता. तिथलं एक कुटुंब परदेशी राहायला गेलं आणि जाताना कासव त्याच्या गळ्यात मारून गेलं. खोलीत राहणारे सहाजण, तिथे ते कुठे ठेवायचं म्हणून गणपतीला गावी येताना त्याने ते पिशवीतून आणलं. त्याला पाच वर्षं झाली. गुन्हाबिन्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

कासव चुलीच्या मागच्या अंगाला, आंब्याच्या दोन पेट्या जोडून केलेल्या जागेत बसलं होतं. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. भिंतींना ओल चढली होती, वलणीवरची लुगडी चार दिवस वाळत नव्हती, आणि त्या पेटीतली वीतभर माती मात्र भाजलेल्या रव्यासारखी मोकळी होती. तेजश्रीला ते दिसलं, पण त्यात विशेष काही आहे असं वाटलं नाही.

बनुबाईने कासव उचललं, पदराने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"त्याची माती पण ने गो," ती म्हणाली. "नायतर त्याच्या खाली काय घालशील?"

माती काय, तिकडेही मिळेल, असं तेजश्री म्हणाली. पेटी जड होती, पाखाडी शेवाळलेली होती आणि साहेबांनी बाकी काही आणू नको म्हणून सांगितलं होतं. बनुबाईने पुन्हा म्हटलं नाही. तिने कागदावर अंगठा दिला आणि दारापर्यंत आली.

कार्यालयात पोचल्यावर कासव ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. हैबती नावाचा जुना वनमजूर तिथे होता. त्याने मायेनेच प्लास्टिकचा टब पाण्याने भरून आणला आणि तेजश्रीनेही मायेनेच कासव त्यात सोडलं. कासवाने मान वर ताणली आणि पाय मारायला सुरुवात केली. दोघांना वाटलं, पोहतंय. इकडे तेजश्री कागद पुरे करत बसली. वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचा नंबर साहेबांनी दिला होता. तिथे फोन लावला तेव्हा कासव पाण्यात जाऊन अर्धा तास उलटला होता.

फोनवरच्या बाईंनी आधी ते पाण्यातून काढायला सांगितलं. मग शांतपणे समजावलं. हे जमिनीवरचं कासव, कोरड्या माळरानातलं. याला पोहता येत नाही. खाली कोरडी, भुसभुशीत माती हवी, निदान वीतभर. एका बाजूला वर बल्ब लावून ऊब द्यायची, दुसऱ्या बाजूला आडोसा करायचा. ओल अजिबात नको, थंडी नको. न्यायला आम्ही येऊ, पण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची परवानगी वरून यावी लागते. त्यातून आंबेनळी घाटात दरड आलेली, गाडी लांबच्या वाटेने आणावी लागेल. आठ-दहा दिवस धरून चाला.

जुलैतल्या पोलादपुरात कोरडी माती शोधायची म्हणजे काय, हे त्या बाईंना सांगून कळण्यासारखं नव्हतं. तेजश्रीलाही ते पुढच्या चार दिवसांत कळलं.

हैबतीने एका नव्या घराच्या कामावरून दोन घमेली रेती आणली आणि पत्र्यावर भाजून एका रिकाम्या लाकडी पेटीत पसरली. दिसायला छान दिसली. कासवाने शेवग्याचा पाला खाताना पाल्याबरोबर रेतीही खाल्ली. तेजश्रीने फोटो पाठवला, तर लगेच उलट निरोप आला: रेती काढा, पोटात साचून आतडं बंद होतं. मग वखारीतून लाकडाचा भुसा आणला. त्याला उग्र वास होता आणि दुसऱ्या दिवशी कासवाचे डोळे सुजले. भुसा फेकला आणि वर्तमानपत्रं अंथरली. ती दोन तासांत लिबलिबीत झाली आणि त्यांच्यावर कासवाचे पाय बाजूला फाकू लागले. पेंढा बघावा तर ज्याच्या त्याच्या पडवीतल्या पेंढ्याला बुरशीचा वास. शेवटी हैबतीने टेकाडाची तांबडी माती खणून आणली. दोघांनी ती कार्यालयाच्या गॅसवर तव्यात परतून सुकवली. सकाळी सुकवलेल्या मातीची संध्याकाळी ढेकळं झालेली असायची. हवाच ओली होती. बल्ब होता, पण वीज दिवसातून चारदा जायची. वीज गेली की तेजश्री बाटल्यांत गरम पाणी भरून पेटीच्या कडेला ठेवायची आणि त्या निवल्या की पुन्हा भरायची.

पाचव्या दिवशी कासवाच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. मान लांब करून, तोंड उघडून ते श्वास घेत होतं. उलटं करून पाहिलं तर पोटाच्या कवचाची कड पांढरी पडून मऊ झाली होती. टबातला तो अर्धा तास तेजश्रीच्या डोळ्यांपुढून हलेना.

पेटी मांडीवर घेऊन तेजश्री एसटीने महाडला गेली. तिथल्या गुरांच्या डॉक्टर दर्शना मॅडमनी सरळच सांगितलं की आपला हात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांवर बसलेला, कासव आपण कॉलेजनंतर हातात धरलेलं नाही. पण त्यांनी हात झटकले नाहीत. आपल्या जुन्या सरांना फोन लावला, कासवाचं वजन केलं, औषध किती द्यायचं ते दोनदा विचारून घेतलं आणि पुढच्या पायात बारीक सुई दिली.

"सुई मी देईन," त्या म्हणाल्या. "पण हे रोज ओलीवर बसणार असेल तर सुई काय करणार? पाच वर्षं कशावर होतं हे?"

"मातीवर."

"कसल्या?"

तेजश्रीला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाखाडी चढून वाडीत गेली. म्हातारीने विचारलंच तर बरं आहे म्हणून सांगायचं, असं वाटेत ठरवून ठेवलं होतं. बनुबाई दारातच बसली होती.

"खाल्लान का काय?"

तेजश्रीने नाही म्हणून मान हलवली. मग सगळं सांगून टाकलं: टब, रेती, भुसा, नाकातलं पाणी, सुई. बनुबाईने तिला बोल लावला नाही. उठून आत गेली आणि चुलीवरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढून आणला. त्यात तीच माती होती.

"जुन्या वारुळाची हाय," ती म्हणाली. "मुंग्या सोडून गेलेल्या. होळीच्या सुमारास खणून आणायची, उन्हात घालायची, चाळायची. मग डब्यात भरून चुलीच्या वर ठेवायची, म्हंजे धूर आन धग लागून ती तशीच ऱ्हाते. एक दिवसाआड पेटीतली काढायची, ही घालायची, ती परत भाजायला ठेवायची. राख नाय घालायची, डोळं जातात. आन मुठीत दाबून बघायची. मूठ उघडली की सुटली पायजे. गोळा ऱ्हायला की त्याच्या छातीत पानी झालंच समज."

पहिल्या पावसाळ्यात तिच्याकडेही कासवाच्या नाकाला पाणी आलं होतं. तेव्हा हे कुणी सांगायला नव्हतं. कोंडा घालून पाहिला, शेणकूट घालून पाहिलं, पालापाचोळा घालून पाहिला. एकदा चूल घालताना वारुळाची माती उरली, ती पेटीत टाकली आणि कासव बरं झालं. एवढंच तिचं शिक्षण.

मग ती थांबत थांबत म्हणाली, पुण्याची माणसं येईपर्यंत त्याला इथंच ठेवलं तर नाही का चालणार? चूल आहे, माती आहे, मी कुठे पळून जाते आहे?

तेजश्री वाडीच्या वरच्या कातळावर गेली, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळायची. साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तिने स्वाधीन केलं असं आपण लिहिलंय. तेच जनावर पुन्हा तिच्या घरात सापडलं तर तिला वाचवता येणार नाही. आणि तिथे ते दगावलं तर सगळं तिच्यावरच येईल. तिथेच ठेवावं असं मलाही वाटत नाही का? पण नाही करता येणार. ते बरोबरच बोलत होते. बरोबर बोलणाऱ्याशी भांडावं तरी कसं? तेजश्री खाली आली. तिचा चेहरा बघून बनुबाई काय ते समजली. तिने लुगड्याचा कासोटा घट्ट केला, डब्यातली आणि पेटीतली माती दोन पिशव्यांत भरली आणि शेजारणीला गाय बघायला सांगून ती तेजश्रीबरोबर खाली उतरली. गुडघे धरून धरून उतरायला तिला तासभर लागला. स्कूटीवर ती जन्मात पहिल्यांदाच बसत होती.

कार्यालयातल्या मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या मांडणीखाली पेटी होती. बनुबाईने आतलं सगळं काढून टाकलं, पेटी फडक्याने पुसली, माती गॅसवर गरम करून हाताला सोसेल एवढी झाल्यावर पसरली आणि कासव त्यात ठेवलं. ते पाय, डोकं आत ओढून बसलं. म्हातारी भिंतीला टेकून त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली: गाईला काय झालं, ओढ्यावरचा साकव कसा वाहून गेला. तासाभराने कासवाने मान बाहेर काढली. जास्वंदीच्या फुलाचा एक तुकडा तोडला, चावला आणि उरलेलं तिथेच ठेवलं. एवढ्यानेही हैबतीला काय आनंद झाला. त्याने सगळ्यांसाठी चहा केला.

पण खोलीत चूल नव्हती. दुपारपर्यंत माती सर्द व्हायला लागली. वीज गेली ती तासन्तास आली नाही. बनुबाईने कासव पदरात गुंडाळून पोटाशी धरलं आणि तशीच बसून राहिली. संध्याकाळच्या एसटीने तिला परतावंच लागलं, गाय तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हती. जाताना तिने मूठ दाबून सोडून तेजश्रीला पुन्हा एकदा दाखवली.

पुढचे तीन दिवस तेजश्री आणि हैबती आळीपाळीने माती भाजत होते. एक पिशवी पेटीत, एक तव्यात. दिवसातून चारदा मूठ दाबून बघायची. भाजून भाजून माती पीठ व्हायला लागली आणि तिची धूळ उडायला लागली. दुसरी मिळणार नव्हती. हैबती रानात चार वारुळं बघून आला, सगळी पाण्याने फुगलेली. रोज महाडला सुईसाठी न्यायचं, आणायचं. बुडबुडे कमी झाले, पण गेले नाहीत. कासव दिवसाला एखादं पान खायचं, बाकी वेळ डोळे मिटून असायचं. त्याच्यापुढे बसून तेजश्रीला वाटायचं की हातात जे करण्यासारखं आहे ते सगळं आपण करतोय आणि त्यातलं काहीच पुरत नाही.

नवव्या दिवशी परवानगीचा कागद आला आणि दहाव्या दिवशी पुण्याची गाडी आली. दोघेजण होते, कामात हुशार. त्यांच्याकडे आतून ऊब देणारी पेटी होती. तिच्यात स्वच्छ पांढरा कागद अंथरून त्यांनी कासव ठेवलं. तेजश्री उरलेल्या मातीची पिशवी घेऊन आली. त्यातल्या एकाने ती सौजन्याने परत केली. बाहेरची माती तिकडे चालत नाही, तिच्यातून बाकीच्या जनावरांना रोग लागू शकतो, म्हणाला. तिला समजलं. दहा दिवसांपूर्वी तिनेही ही माती अशीच नाकारली होती. गाडी निघाली तेव्हा बनुबाईला कळवायला कुठलाच रस्ता नव्हता. वाडीत फोन लागत नव्हता आणि माणूस पाठवून ती येईपर्यंत दुपार झाली असती.

त्यानंतर दोन आठवडे काहीच कळलं नाही. तेजश्रीने एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा तिकडच्या मुलाने नंबर विचारला. तुमचं कासव कुठलं, असं नव्हे, तुमचा नंबर किती. कासव ताब्यात देतानाच्या कागदावर जो नंबर होता तो तिने सांगितला. संध्याकाळी फोटो आला. चांदण्यांचं कासव, वर पिवळा दिवा, तोंडात हिरवं पान. ठीक आहे, असं खाली लिहिलेलं.

तेजश्रीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी ती फेरीची वाट बदलून उमरठकडे गेली आणि पाखाडी जवळजवळ पळतच चढली. बनुबाईने मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, पदराने काच पुसली. मग परत दिला.

"हे ते नाय."

तेजश्री म्हणाली, दिव्याच्या उजेडात रंग वेगळा दिसतो. नंबर तोच आहे. आजारातून उठलंय, तजेला आलाय.

"असंल," बनुबाई म्हणाली. "आता माझं डोळं तरी कुठं धड हायत."

तिने चहा टाकला. बोलणं गाईवर गेलं, रितेशवर गेलं. तेजश्री उठली तेव्हा म्हातारीने तिला पिशवीभर काकड्या दिल्या.

कार्यालयात आल्यावर तेजश्रीने कासव ताब्यात घेतानाच्या पंचनाम्यातले फोटो शोधून काढले. वरून काढलेला एक होता, जरा अंधुक, पण मधली चांदणी स्पष्ट दिसत होती. तिच्यातून फुटलेल्या पिवळ्या रेघा तिने मोजल्या. आठ होत्या. पुण्याच्या फोटोत मोजल्या. अकरा. तिने पुन्हा मोजल्या, मग हैबतीला बोलावून मोजायला लावल्या. हैबतीने बोट ठेवून ठेवून मोजल्या, फोन खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तिने पुण्याला फोन लावला. तो मुलगा म्हणाला, बघून सांगतो. तासाभराने त्याने स्वतःहून फोन केला. आवाज खाली आला होता. तुमच्या नंबरचं कासव चौथ्या दिवशीच गेलं, म्हणाला. दोन्ही फुप्फुसं भरलेली होती, वाचण्यासारखं नव्हतंच. पत्र निघालंय, पोचेल. शेजारच्या पेटीतल्या दुसऱ्या कासवाचा फोटो चुकून आला, त्याबद्दल माफ करा. तेजश्री म्हणाली, ठीक आहे. आणखी काय म्हणणार होती ती? पेटीत खाली काय घातलं होतं, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

वाडीवर जायला तिला आठ दिवस लागले. काम होतं म्हणून नव्हे. एकदा ती रस्त्याच्या शेवटापर्यंत गेली, स्कूटी लावली, पाखाडीच्या पहिल्या चिऱ्यावर उभी राहिली आणि परत फिरली. आठव्या दिवशी चढली. बनुबाई पडवीत बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. तिने सरकून जागा केली. तेजश्री टेकली.

"आजी, त्या फोटोचं..." ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली. "मला त्याच दिशी कळलं."

तेजश्रीने नकळत समोरच्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागली. बऱ्याच वेळाने म्हातारीने विचारलं, "रितेशवर काय येनार नाय ना?"

"नाही. त्याचं नावच नाही कशात."

"मग झालं तर."

शेंगा संपल्या. बनुबाईने टरफलं गोळा करून गाईपुढे टाकली आणि सूप झटकून भिंतीला लावलं. पाऊस अजून लागलेलाच होता. तेजश्रीला अजून दोन वाड्यांची फेरी होती. तिने रेनकोट चढवला, येते म्हणाली आणि चिरे जपून उतरायला लागली.